शाळा निवडीचा हक्क की शेजारच्या शाळेचा हक्क?

(झाशी येथे मराठी भाषिक पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आजच्या विषयाचे नाव ऐकून तो परदेशातला आहे असे कित्येकांना वाटेल. मुलाला शाळेत न घालता घरीच शिकविण्याचे कायदे आणि शाळा निवडण्यासाठी कुटुंबाच्या हाती सरकारी पैसा, या गोष्टींची चर्चा अमेरिकेत चालते. झाशीच्या रेल्वे वर्कशॉपमधील कामगाराचा किंवा बुंदेलखंडातील शेतमजुराचा त्यांच्याशी काय संबंध, अशी शंका कोणी विचारील. संबंध आहे आणि तो निकटचा आहे. खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागांचे अर्ज दर वर्षी सुरू झाले, की वस्तीतील आईबाप पक्षसभासदाकडे अर्ज भरून घेण्यासाठी येतात. तोच सभासद दुसऱ्या दिवशी सरकारी शाळा बंद करण्याविरुद्धच्या निदर्शनात उभा असतो. एका हाताने मुलाला खाजगी शाळेत पोचवायचे आणि दुसऱ्या हाताने सरकारी शाळेचा झेंडा धरायचा, ही विसंगती नव्हे काय? या प्रश्नाला नेमके उत्तर देता आले नाही, तर वस्तीत पक्षाचे म्हणणे कोणी गंभीरपणे घेणार नाही. उत्तर देण्यासाठी आधी कायदा, मग त्याचा इतिहास आणि शेवटी त्यामागील वर्गहित पाहावे लागेल.

१. कायदा काय देतो

१९५० च्या संविधानातील ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण दहा वर्षांत देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे म्हटले. ती मुदत १९६० मध्ये संपली. शिक्षणाला मूलभूत हक्काचे स्थान मिळण्यासाठी २००२ सालची ८६ वी घटनादुरुस्ती यावी लागली. तिने २१-क हा अनुच्छेद घातला. त्याची अंमलबजावणी करणारा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

या कायद्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिसरे कलम सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक बालकाला शेजारच्या शाळेत प्राथमिक शिक्षणाचा हक्क देते. सहावे कलम अशी शाळा जेथे नसेल तेथे ती तीन वर्षांत उभारण्याचे बंधन सरकारवर घालते. आठवे कलम आणखी स्पष्ट आहे: पालकाने स्वतःच्या मर्जीने सरकारी खर्चाने न चालणारी दुसरी शाळा निवडली, तर त्या खर्चाची भरपाई मागण्याचा हक्क त्याला नाही. दहावे कलम मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरविते. थोडक्यात, कायद्याने कुटुंबाच्या हाती पैसा दिलेला नाही. त्याने बालकाला शाळा दिली आहे. या भेदावर पुढील सारे विवेचन उभे आहे.

मग घरी शिकविण्याला कायद्यात जागा आहे काय? आहे, पण एकाच ठिकाणी. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र विकलांग बालकांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. इतर मुलांसाठी घरशिक्षणाची परवानगी देणारे कलम नाही, आणि मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला शिक्षा करणारे कलमही नाही. या मोकळ्या जागेत पुण्या-मुंबईतील काही सुशिक्षित कुटुंबे आपल्या मुलांना घरी शिकवितात आणि पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांना बसवितात. या कुटुंबांशी पक्षाचे भांडण नाही. घोकंपट्टी, छडी आणि गुणांची शर्यत यांना कंटाळून त्यांनी ही वाट धरली असेल, तर त्यांची तक्रार खरी आहे. परंतु त्यांची वाट ही सर्वांची वाट म्हणून पुढे केली जाते, तेव्हा ती कोणाला परवडते, हा प्रश्न विचारणे भाग पडते.

२. घरचे शिक्षण आणि घरचे काम

झाशीत या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका, पुढची राणी लक्ष्मीबाई, ब्रह्मावर्तास बाजीरावांच्या आश्रयाला वाढली. अक्षरओळख, घोडदौड आणि तलवार ती तेथेच नानासाहेबांच्या सोबतीने शिकली. तिला घडविणारी शाळा म्हणजे पेशव्यांचा वाडा. वाड्यात शिक्षक येत असे. वाड्याबाहेरच्या कोष्ट्याच्या, चर्मकाराच्या, कोऱ्याच्या मुलीला तो कोठून मिळणार होता? ज्या १८५४ साली डलहौसीने झाशी खालसा केली, त्याच साली वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण आखले. अनुदान जेथे शाळा काढण्याची ऐपत होती तेथे गेले. शूद्रातिशूद्रांच्या वाट्याला त्यातले फारसे काही आले नाही.

हीच गोष्ट जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली. शेतकऱ्याच्या घामातून गोळा झालेला महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, असे दाखवून त्यांनी निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात ती सक्ती आणली. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. ब्रिटिश हिंदुस्थानात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोध करणाऱ्यांत सरकारी सभासदांच्या जोडीला जमीनदार होते. कुळांची मुले शाळेत बसली तर शेतावर राबणार कोण, ही त्यांची खरी चिंता होती.

या इतिहासाचा बोध असा. सक्तीचे शिक्षण हा पालकाच्या स्वातंत्र्यावर घाला आहे, असे आज सांगितले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. सक्ती मुख्यतः मुलाच्या श्रमावर डोळा ठेवणाऱ्या मालकाविरुद्ध होती. हजेरीचा पट हा मुलाला शेत, भट्टी आणि धुणीभांडी यांपासून वाचविणारा कागद आहे. तो पट नाहीसा झाला, तर मूल कोठे आहे हे विचारण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. तिने चौदा वर्षांखालील मुलांना सर्व धंद्यांत कामावर ठेवण्यास बंदी केली खरी, पण शाळेनंतर व सुटीत कुटुंबाच्या बिनधोक्याच्या व्यवसायात मदत करण्याची सूट ठेवली. बुंदेलखंडातून दुष्काळी वर्षांत बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. तेथे उचल कुटुंबाच्या नावावर असते आणि विटा मोजल्या जातात त्याही कुटुंबाच्या. अशा घरात कुटुंबाचा व्यवसाय कोणता आणि मालकाचा कोणता? त्या मुलाला 'घरी शिकण्याचे स्वातंत्र्य' देणे म्हणजे त्याला भट्टीवर सोडून देणे होय. मुलीच्या बाबतीत तर शाळा सुटली, की घरचे शिक्षण म्हणजे धाकटी भावंडे, पाणी आणि चूल एवढाच अर्थ उरतो.

विकलांग बालकांचा पर्यायही याच कसोटीवर पाहावा लागेल. जे मूल खरोखर शाळेत जाऊ शकत नाही, त्याच्यापर्यंत शिक्षकाने घरी पोचावे, हा त्याचा हक्क आहे. परंतु उतार नाही, प्रशिक्षित शिक्षक नाही, स्वच्छतागृह नाही, म्हणून मुलाला घरी बसवून त्यालाच घरशिक्षण म्हणणे ही हक्काची विटंबना आहे.

येथे जमलेल्या मराठी कुटुंबांना घरशिक्षणाचा एक प्रकार मात्र चांगला ठाऊक आहे. येथल्या शाळेत हिंदी आणि इंग्रजी चालते. मराठी आजीच्या तोंडून आणि घरातल्या वाचनातून पुढच्या पिढीकडे जाते. हे शिक्षण मोलाचे आहे आणि ते घरानेच द्यावे लागते. तरीही १९५६ मध्ये घातलेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरविण्यास राज्यांना सांगतो, हे विसरता कामा नये. घराने भाषा जपली म्हणून राज्याचे कर्तव्य संपत नाही.

३. शिक्षण-हुंडीचा अनुभव

आता पैशाकडे वळू. सरकारने शाळा चालविण्याऐवजी पालकाच्या हाती ठराविक रकमेचे व्हाउचर, म्हणजे एक प्रकारची हुंडी, द्यावी आणि ती त्याने हव्या त्या शाळेत वटवावी, ही कल्पना अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये मांडली. कागदावर ती लोकशाहीची वाटते: गरिबालाही श्रीमंताप्रमाणे निवड. प्रत्यक्षात काय घडले, ते तीन उदाहरणांवरून पाहता येईल.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाचा परगणा आहे. काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र बसविण्याचा न्यायालयीन आदेश टाळण्यासाठी तेथील सत्ताधाऱ्यांनी १९५९ मध्ये सर्व सरकारी शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली आणि तिच्या फीसाठी सार्वजनिक पैशातून अनुदाने दिली गेली. काळ्या मुलांपैकी बहुसंख्यांना कित्येक वर्षे शाळाच उरली नाही. १९६४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदेशीर ठरविले. पण जी वर्षे गेली ती त्या मुलांना परत मिळाली नाहीत. कुटुंबाच्या निवडीचे नाव घेऊन सार्वजनिक शाळा कशी मोडता येते, याचा हा उघडा धडा आहे.

दुसरे उदाहरण चिलीचे. पिनोशेच्या लष्करी हुकूमशाहीने १९८१ पासून विद्यार्थ्यागणिक अनुदानाची पद्धत आणली. नगरपालिकांच्या शाळांतील पटाचा हिस्सा पुढील दशकांत निम्म्याच्या खाली आला. शाळांनी मुले निवडायला सुरुवात केली, वरकड फी घेतली आणि नफाही कमावला. २००६ व २०११ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. २०१५ च्या कायद्याने सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांतील नफा, वरकड फी आणि विद्यार्थ्यांची निवड टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले. ज्या देशात हुंडीचा प्रयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला, त्या देशातील तरुणांनीच तिच्याविरुद्ध निकाल दिला.

तिसरे उदाहरण आजच्या अमेरिकेचे. १९९० च्या दशकारंभापर्यंत तेथील सर्व राज्यांत घरशिक्षण कायदेशीर झाले होते. नियम मात्र राज्यागणिक वेगळे. न्यूयॉर्कमध्ये पालकाला वर्षाची योजना आणि तिमाही अहवाल द्यावा लागतो. टेक्सासमध्ये सरकारला कळविण्याचेही बंधन नाही. ॲरिझोनाने २०११ मध्ये विकलांग मुलांसाठी 'शिक्षण खाते' सुरू केले, ज्यात सरकारी पैसा जमा होतो आणि पालक तो खाजगी फीवर किंवा घरी शिकविण्याच्या साहित्यावर खर्च करतो. ते विस्तारण्याचा कायदा २०१८ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने फेटाळला. तरीही २०२२ मध्ये विधिमंडळाने ते सर्वांना खुले केले. त्यानंतरच्या पहिल्या अर्जदारांपैकी बहुतेक मुले आधीपासूनच सरकारी शाळेबाहेर होती. म्हणजे सरकारी पैशाने गरिबाला नवी निवड दिली नाही. ज्यांची निवड आधीच झाली होती त्यांचे बिल भरले. आरंभी विकलांग बालकाचे नाव आणि शेवटी सुस्थित घराचा लाभ, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

भारतातही प्रयोग झाले. आंध्र प्रदेशातील पाच जिल्ह्यांत २००८ पासून चार वर्षे काही मुलांना चिठ्ठ्या टाकून अशी हुंडी देण्यात आली. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. खाजगी शाळेत गेलेल्या मुलांची तेलुगू आणि गणितातील प्रगती सरकारी शाळेतील मुलांहून वेगळी दिसली नाही. हिंदीत ती पुढे होती, कारण खाजगी शाळा हिंदी अधिक शिकवीत होत्या. हुंडीचे समर्थक यावर म्हणतात की खाजगी शाळेने तेवढेच काम एक-तृतीयांशाहूनही कमी खर्चात केले. हा युक्तिवाद टाळता येणार नाही. पण ती काटकसर कोठून आली, हे सांगितले पाहिजे. ती मुख्यतः शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारातून आली. शिक्षकाचे वेतन कापून केलेली बचत हा कामगारांच्या पक्षाला शिक्षणाचा विजय वाटू शकत नाही.

४. पंचवीस टक्के जागा आणि बंद होणाऱ्या शाळा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. शिक्षणहक्क कायद्याच्या बाराव्या कलमाने खाजगी विनाअनुदानित शाळांना पहिलीच्या किंवा पूर्वप्राथमिकच्या किमान पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांना देण्यास बांधून घेतले. सरकार शाळेला दर विद्यार्थ्यामागचा स्वतःचा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती देते. उत्तर प्रदेशात प्रतिपूर्तीला दरमहा ४५० रुपयांची मर्यादा घालण्यात आली, आणि पुस्तके व गणवेशासाठी पालकाला वर्षाला ५,००० रुपये देण्याची तरतूद झाली.

ही हुंडी आहे काय? पैसा सरकारचा आणि शाळा खाजगी, एवढे पाहिले तर साम्य आहे. पण एक मूलभूत फरक आहे. हुंडीत शाळा मुलाला निवडते. येथे सोडतीने आलेल्या मुलाला नाकारण्याचा अधिकार शाळेला नाही. म्हणूनच संस्थाचालक या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १२ एप्रिल २०१२ रोजी हरले. २०१४ मध्ये अल्पसंख्याक संस्थांना या कायद्यातून सूट मिळाली. महाराष्ट्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचना काढून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागांतून मोकळे केले. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात तिला स्थगिती दिली, १९ जुलै रोजी ती रद्द ठरविली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

त्या अधिसूचनेचे समर्थन 'सरकारी शाळा वाचविण्यासाठी' असे केले गेले. हे कारण ऐकून कार्यकर्त्याने फसू नये. गरिबाचे मूल खाजगी शाळेच्या दारातून परत पाठविल्याने सरकारी शाळा सुधारत नाही. तिच्यात शिक्षक नेमल्याने ती सुधारते. तेच सरकार त्या वेळी कमी पटाच्या शाळांचे 'समूह शाळां'त विलीनीकरण करण्याची भाषा बोलत होते.

उत्तर प्रदेशात जे घडले ते तर झाशीकरांच्या डोळ्यांसमोर आहे. १६ जून २०२५ च्या आदेशाने कमी पटाच्या प्राथमिक शाळांची दुसऱ्या शाळांशी 'जोडणी' सुरू झाली. ७ जुलै रोजी लखनौ खंडपीठाच्या एकल न्यायाधीशांनी पालकांच्या याचिका फेटाळल्या. २४ जुलै रोजी द्विसदस्यीय पीठाने सीतापूर जिल्ह्यापुरता 'जैसे थे'चा आदेश दिला. लोकक्षोभ वाढल्यावर एक किलोमीटरहून दूर आणि पन्नासहून अधिक पट असलेल्या शाळा जोडल्या जाणार नाहीत, असे सरकारला जाहीर करावे लागले. राज्याच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर चालत जाण्याइतक्या अंतरात शाळा हवी, असे लिहिलेलेच आहे. जे नियमात होते, तेच लढून पुन्हा मिळवावे लागले.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की धोरणाची दिशा दिसते. शेजारची शाळा बंद करावयाची. मग पालक 'स्वेच्छेने' खाजगी शाळेकडे वळला असे म्हणावयाचे. आणि पुढे पटच नाही म्हणून आणखी शाळा बंद करावयाच्या. २०२४-२५ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनुसार देशातील ६९ टक्के शाळा सरकारी आहेत आणि निम्मे विद्यार्थी त्यांत शिकतात. उरलेल्या या निम्म्यांत कोणाची मुले आहेत, हे येथे सांगावयास नको.

५. पक्षसभासदांची कामे

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे: पंचवीस टक्क्यांचा अर्ज भरून देणे आणि सरकारी शाळेसाठी लढणे यांत विसंगती नाही, जर दोन्हींचा क्रम आणि मर्यादा कळत असेल तर. रेशनच्या रांगेत उभे राहून स्वस्त धान्य मिळविणारा कामगार वेतनवाढीचा लढा सोडत नाही. जो हक्क कायद्यात आहे तो शेवटच्या घरापर्यंत पोचविणे हे कर्तव्य आहे. परंतु सोडतीतील नशीब हा शिक्षणाचा मार्ग आहे, असे वस्तीला सांगणे हा अपराध ठरेल. त्यावरून पुढील कामे निघतात:

(१) अर्ज भरण्याच्या दिवसांत वस्तीत बसून उत्पन्नाचे, जातीचे व रहिवासाचे दाखले वेळेवर काढून द्यावेत. दलालाला पैसे देण्याची पाळी कोणावर येऊ देऊ नये.

(२) प्रवेशानंतर मुलाला सोडू नये. गणवेश, सहल, संगणक अशा नावांनी मागितली जाणारी रक्कम नोंदवून ठेवावी. हा हक्क आठवीपर्यंतच आहे आणि नववीत पूर्ण फी मागितली जाईल, हे पालकाला प्रवेशाच्या दिवशीच समजावून सांगावे.

(३) सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. या समित्या कागदावर राहू देऊ नयेत. बैठकीची तारीख मागावी आणि इतिवृत्त वाचावे.

(४) जोडणीची नोटीस आली तर घोषणांच्या आधी अंतर मोजावे. वाटेत रेल्वेरूळ, नाला, महामार्ग आहे काय, हे लिहून काढावे आणि गावसभेचा ठराव करावा.

(५) हंगामी स्थलांतरातून परतलेल्या मुलांची यादी करावी. दाखल्याच्या विलंबामुळे प्रवेश नाकारता येत नाही आणि वयानुरूप वर्गात बसविताना विशेष प्रशिक्षण द्यावे लागते, ही दोन कलमे प्रत्येक शाखेला पाठ हवीत.

(६) शेवटचे काम सर्वांत अवघड आहे. १८ ऑगस्ट २०१५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांची आणि लोकप्रतिनिधींची मुले सरकारी प्राथमिक शाळांत शिकावीत, असा आदेश दिला. तो कागदावरच राहिला. मंत्र्यांवर टीका करणे सोपे. पण नोकरदार सभासदांच्या घरची मुले कोठे शिकतात, हेही वस्ती पाहत असते. मूल कोठे घालावे हा निर्णय पक्ष कोणावर लादीत नाही. मात्र ज्याचे मूल खाजगी शाळेत आहे त्याने सरकारी शाळेच्या प्रश्नावर दुप्पट काम केले पाहिजे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

केरळात १९५७ मध्ये नंबुद्रिपाद मंत्रिमंडळाने शिक्षण विधेयक आणले. खाजगी शाळेने सरकारी पैसा घ्यावा, पण शिक्षकाची नेमणूक व वेतन मालकाच्या लहरीवर राहू नये, एवढीच त्याची मागणी होती. त्याविरुद्ध जे रान उठविले गेले त्याच्या आधारे ३१ जुलै १९५९ रोजी ते मंत्रिमंडळ बडतर्फ झाले. सार्वजनिक पैशावर सार्वजनिक नियंत्रण मागितले, की सत्ताधारी वर्ग किती चवताळतो याची ही साक्ष आहे. १९६६ मध्ये कोठारी आयोगाने समान शाळापद्धतीची शिफारस केली. कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च करण्याचे उद्दिष्ट तेव्हापासून प्रत्येक धोरणात लिहिले गेले, २०२० च्या धोरणातही. ते गाठले गेलेले नाही.

कॉम्रेड्स, कुटुंबाला निवड हवी, हे कोणीही नाकारीत नाही. पण ज्या गावात एकच शाळा आहे आणि तीही बंद होते आहे, तेथे निवड कशातून करावयाची? आधी प्रत्येक वस्तीत चालत पोचता येईल अशी, पुरेशा शिक्षकांची, दुपारच्या गरम जेवणाची आणि कोणालाही परत न पाठविणारी शाळा असू द्या. ती मिळेपर्यंत पक्षाची मागणी एकच राहील: पैसा शाळेला द्या, शाळा वस्तीत ठेवा आणि तिचा हिशेब पालकांपुढे मांडा.